वतनाकडून लोकसेवेकडे : डॉ. पंजाबराव देशमुख

वऱ्हाडात राजवटी पुष्कळ आल्या आणि गेल्या. बहमनी सुलतान, इमादशाही, मोगल, नागपूरकर भोसले आणि हैदराबादचे निजाम अशा अनेकांनी या काळ्या मातीच्या प्रांताचा महसूल आपापल्या परीने वसूल केला. परंतु यांपैकी प्रत्येकाला परगण्यात अंमल बसविण्यासाठी ज्यांच्या साहाय्यावाचून गत्यंतर नव्हते, असा एक वर्ग मात्र शतकानुशतके जागच्या जागी राहिला. तो वर्ग देशमुख-देशपांड्यांचा. जमाबंदी ठरत असता सरकार आणि रयत यांच्यामध्ये उभे राहावयाचे, वसुलाची हमी घ्यावयाची, पडीत जमीन लागवडीस आणण्यासाठी कुळांना कौल द्यावयाचा, प्रसंगी पदरी शिबंदी बाळगून मुलखाचा बंदोबस्त ठेवावयाचा, आणि या चाकरीबद्दल हक्क, रुसूम, इनाम जमिनी व मानपान वंशपरंपरेने उपभोगावयाचे, असे या वतनाचे स्वरूप होते. देशमुख चांगला असला तर रयतेची ढाल होई आणि वाईट असला तर तिच्याच मानेवरचे जू होई. परंतु दोन्ही प्रकारांत परगण्याचा शब्द त्याच्या मुखातून निघे, ही गोष्ट कोणी नाकारीत नसे.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या स्वाधीन केला आणि पुढील दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी होऊन रयतवारी पद्धत सुरू झाली, तेव्हा या मध्यस्थाची गरज संपली. खातेदार आणि सरकार यांचा संबंध सरळ जडला, शेतसाऱ्याचा आकडा मोजणीखात्याच्या कागदावर ठरू लागला, आणि देशमुखाकडे उरले ते घरच्या शेतजमिनी, आडनाव आणि पंचक्रोशीत शब्दाला असलेले वजन. अधिकार गेल्यावर मागे राहिलेले हे वजन कोणत्या कामी लावावयाचे, हा प्रश्न त्यानंतरच्या प्रत्येक पिढीपुढे उभा होता. कित्येकांनी ते भाऊबंदकीच्या दाव्यांत आणि लग्नकार्यांच्या डामडौलात वेचले. कित्येकांनी ते नुसतेच जपून ठेवले. पापळ या खेड्यातील एका देशमुखाने त्याचा जो विनियोग केला, त्यामुळे वऱ्हाडातील कास्तकाराच्या घरात अक्षर आले, कायद्याच्या पुस्तकात त्याच्या कर्जाची दाद लागली आणि दिल्लीच्या दरबारी त्याचे गाऱ्हाणे बोलून दाखविणारा माणूस बसला.

पंजाबराव शामराव देशमुख यांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे झाला. घराण्याचे मूळ आडनाव कदम. देशमुखी वतनामुळे देशमुख हे नाव रूढ झाले. आईचे नाव राधाबाई. ज्या दोन वर्षांच्या सांध्यावर त्यांचा जन्म झाला ती वर्षे ध्यानात घेण्यासारखी आहेत. १८९६-९७ चा दुष्काळ नुकताच सरला होता आणि १८९९-१९०० चा, वऱ्हाडाच्या स्मरणात दीर्घकाळ राहिलेला भीषण दुष्काळ अद्याप यावयाचा होता. खाऊनपिऊन सुखी अशा जमीनदार कुटुंबालाही या काळात पावसाच्या आणि सावकाराच्या मर्जीवर जगणे म्हणजे काय, हे कळून चुकले होते. गावातील शाळा लहान, पुढच्या इयत्तांची सोय नाही; म्हणून मुलाला चांदूर रेल्वे, तेथून कारंजा लाड आणि अखेर अमरावतीचे हिंदू हायस्कूल असा मुक्काम हलवीत शिकावे लागले. १९१८ साली ते मॅट्रिक झाले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले, आणि तेथील पदवी पदरात पडण्यापूर्वीच १९२० मध्ये विलायतेस निघाले.

खेड्यातील मुलाला विलायतेस पाठविण्याइतका रोख पैसा शेतीत नव्हता. तो कर्जाने उभा करावा लागला. ही गोष्ट चरित्रकार एका वाक्यात सांगून पुढे जातात, पण माझ्या मते पंजाबरावांच्या साऱ्या आयुष्याची किल्ली तिच्यातच आहे. म्हणून वऱ्हाडातील कर्जाचा इतिहास येथे थोडा सांगितला पाहिजे.

अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले आणि तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा इंग्रज व्यापाऱ्यांची दृष्टी वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. भाव भडकले, ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी उभी राहिली, १८६७ पर्यंत आगगाडी वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचली, खामगाव, अकोला, अमरावती येथे कापसाचे बाजार आणि सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. अमेरिकेतील युद्ध संपताच भाव कोसळले, पण कास्तकार आता परतू शकत नव्हता, कारण त्याचे घर बाजाराशी बांधले गेले होते. सारा रोख भरावयाचा, बियाणे रोख घ्यावयाचे, आणि पिकाचा भाव लिव्हरपुलास ठरावयाचा, अशी ही नवी व्यवस्था होती. सावकार पूर्वीही होता. परंतु जमिनीवर खातेदाराचा कायदेशीर आणि हस्तांतरणीय हक्क निर्माण झाल्यामुळे पूर्वी पिकावर कर्ज देणारा सावकार आता जमिनीवर कर्ज देऊ लागला. गहाणखत, मुदतखरेदी, दिवाणी दावा, हुकूमनामा आणि जप्ती ही पाच पावले चालता चालता वावर एका नावावरून दुसऱ्या नावावर जाई, आणि काल ज्याच्या मालकीचे होते तोच आज त्यात बटाईने किंवा मजुरीने राबे. या फेऱ्यातून देशमुख-पाटीलही सुटले नाहीत. मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढणाऱ्या बापाला आपण कोणता धोका पत्करीत आहोत हे पुरते ठाऊक असे. तो पत्करण्याची ऐपत मात्र शंभरांत एखाद्याचीच असे, आणि बाकीच्या नव्याण्णवांच्या मुलांचा प्रश्न तेथेच मिटे.

विलायतेत पंजाबरावांनी जे अध्ययन केले, ते पुढे शेतीखाते सांभाळणाऱ्या माणसाच्या हातून कोणी अपेक्षिले नसते. एडिंबर्ग येथे त्यांनी संस्कृत विषय घेऊन एम.ए. केले, बॅरिस्टरीची परीक्षा दिली, आणि वेदवाङ्मयातील धर्माचा उद्गम व विकास हा विषय घेऊन डॉक्टरेटचा प्रबंध सिद्ध केला. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९३३ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. ज्या समाजातील मुलांना वेदोच्चाराचा अधिकार आहे की नाही याबद्दल आपल्याकडे वाद घातले जात होते, त्या समाजातील एका शेतकऱ्याच्या मुलाने देवदेवतांच्या कल्पना कशा उगवल्या व कशा पालटत गेल्या याचे शास्त्रीय विवेचन करावे, ही घटना तिच्या काळात लहान नव्हती. ग्रंथाच्या विद्वत्तेचे मोल तज्ज्ञांनी ठरवावे. परंतु धर्म हा कालानुसार वाढणारा व बदलणारा आहे, ही जी दृष्टी त्या अभ्यासातून पंजाबरावांना लाभली, तिचा प्रत्यय अमरावतीत पाऊल ठेवल्यापासून आला.

१९२६ मध्ये ते स्वदेशी परतले आणि अमरावतीस वकिली करू लागले. बॅरिस्टर होऊन आलेल्या देशमुखाला मुंबई-नागपूरच्या वरिष्ठ न्यायालयांची वाट मोकळी होती. त्यांनी जिल्ह्याचे ठिकाण सोडले नाही. खेड्यातून आलेल्या मुलांना शहरात राहावयास जागा नसते आणि जागा असली तर जात आडवी येते, हे स्वानुभवाने जाणून त्यांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. डिसेंबर १९२६ मध्ये ज्यांचा खून झाला त्या स्वामी श्रद्धानंदांचे नाव त्याला दिले गेले. एका छपराखाली, एका पंक्तीत मराठा, माळी, महार, तेली अशी मुले बसविणे हे त्या दिवसांत शाळा काढण्यापेक्षाही अवघड काम होते, कारण शाळेत पाटी वेगळी ठेवता येते, स्वयंपाकघर वेगळे ठेवता येत नाही.

१९२७ चा नोव्हेंबर महिना या दृष्टीने संस्मरणीय आहे. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली होती, आणि त्या महिन्याच्या १३ व १४ तारखांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत परिषद भरली. पंजाबराव या चळवळीच्या बाजूने उभे राहिले. त्याच महिन्यात त्यांनी मुंबईच्या विमल वैद्य या परजातीतील तरुणीशी विवाह केला. मराठा-कुणबी समाजातील वतनदार घराण्याच्या कर्त्या मुलाने असा विवाह करणे म्हणजे ज्या सोयऱ्याधायऱ्यांच्या बळावर राजकारण चालते, त्यांचा रोष ओढवून घेणे होते. विमलाबाई विवाहानंतरही शिकत राहिल्या, पतीच्या कार्यात त्यांनी बरोबरीचा भार उचलला आणि पुढे त्या राज्यसभेच्या सदस्य झाल्या. सुधारणेचे व्याख्यान देणारे त्या काळी पुष्कळ होते; सुधारणा प्रथम आपल्या घरात आणणारे थोडे होते, आणि पंजाबरावांची गणना त्या थोड्यांत करावी लागते.

पुढच्या वर्षी ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या करणे आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी पैसा उभा करणे, ही दोन कामे त्यांनी तेथे हाती घेतली. दुसऱ्या कामासाठी कर वाढवावा लागला, आणि कर मुख्यतः जमीनवाल्यांवर पडला. आपल्याच वर्गावर कर बसवून निवडणुकीस उभा राहणारा पुढारी ही विरळ वस्तू आहे.

१९३० साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले आणि मंत्री झाले. शिक्षण, शेती, सहकार ही खाती त्यांच्याकडे आली. त्यांच्या चरित्रातील हा सर्वांत वादग्रस्त निर्णय होय. देशभर कायदेभंगाची चळवळ चालली होती, काँग्रेसने कौन्सिलांवर बहिष्कार घातला होता, हजारो माणसे तुरुंगात होती, आणि अशा वेळी द्विदल राज्यपद्धतीतील मंत्रिपद स्वीकारणे हे अनेकांना सरकारशी हातमिळवणी केल्यासारखे वाटले. तो आक्षेप खोटा होता असे मी म्हणणार नाही. परंतु सत्यशोधक विचारांच्या वाऱ्यात वाढलेल्या ब्राह्मणेतर पक्षाच्या पुढाऱ्यांची दृष्टी निराळी होती. स्वराज्य आले तरी ज्याच्या घरात अक्षर नाही आणि ज्याचे वावर गहाण आहे, त्याच्या वाट्याला ते कसे येणार, हा त्यांचा प्रश्न होता. आणि जे अधिकार हाती येतील ते तोपर्यंत त्याच्या कामी लावावे, हे त्यांचे उत्तर होते. मंत्रिपदाच्या सुमारे अडीच वर्षांत पंजाबरावांनी काय केले, यावरूनच या उत्तराची पारख केली पाहिजे.

त्यांपैकी एक प्रयत्न हिंदू देवस्थानांच्या संपत्तीविषयीच्या विधेयकाचा. देवळांना पिढ्यान्‌पिढ्या मिळालेल्या इनामांचे व देणग्यांचे उत्पन्न पुजारी आणि पंच यांच्या खाजगी उपभोगात न जाता त्यातील शिलकीचा विनियोग शिक्षणासारख्या लोकोपयोगी कार्यासाठी व्हावा, हा त्यामागील हेतू होता. वेदधर्माचा इतिहास लिहिणाऱ्याच्या हातून असे विधेयक यावे हे सुसंगतच होते, आणि सनातनी मंडळींनी त्याविरुद्ध काहूर माजवावे हेही तितकेच स्वाभाविक होते.

दुसरा प्रयत्न अधिक फलदायी झाला. १९२९ च्या जागतिक मंदीने कापसाचे भाव असे पडले की वऱ्हाडातील कर्जदाराला मुद्दल तर सोडाच, व्याजही फेडणे अशक्य झाले. कर्ज रुपयांत घेतलेले होते आणि रुपया मिळविण्यासाठी आता दुप्पट कापूस विकावा लागत होता. म्हणजे कागदावरचा आकडा तोच राहून ऋणाचा खरा बोजा दुणावला होता. या स्थितीत १९३३ साली मध्यप्रांत-वऱ्हाडात कर्जलवाद कायदा झाला. कर्जदार आणि धनको या दोघांनाही ज्या मंडळापुढे बोलावता येईल, असे लवाद मंडळ जागोजाग नेमावयाचे. कर्जदाराने आपली सर्व देणी व मालमत्ता आणि सावकाराने आपली सर्व येणी मंडळापुढे मांडावयाची. शेतीतून खरोखर किती फेड निभेल हे पाहून मंडळाने तडजोड सुचवावयाची. मान्य झालेली रक्कम हप्त्यांनी फेडावयाची, आणि रास्त तडजोड जो सावकार नाकारील त्याला पुढे दिवाणी न्यायालयात वसुली करताना अडचण पडेल अशी तरतूद करावयाची, असा या कायद्याचा साचा होता. हिंदुस्थानात या प्रकारचे जे आरंभीचे कायदे झाले त्यांत याची गणना होते, आणि अन्य प्रांतांनीही मग हाच मार्ग धरला.

या कायद्याकडे पाहताना एक गोष्ट मला विशेष वाटते. त्यात कोणाचे कर्ज बुडविलेले नाही आणि कोणावर उपकार केलेला नाही. देणे कबूल आहे. परंतु देणे किती, ते केव्हा आणि कोणत्या बेताने द्यावयाचे, हे ठरविताना कर्जदारालाही बसावयास पाट मिळाला पाहिजे, एवढेच त्यात म्हटले आहे. पूर्वी परगण्याच्या जमाबंदीत देशमुख जसा सरकार आणि रयत यांच्यामध्ये बसून दोघांना निभेल असा आकडा काढी, तेच काम येथे कायद्याने नेमलेल्या मंडळाकडे आले होते. लवाद मंडळांनी सारे काही साधले असे नव्हे. अनेक ठिकाणी तडजोडीचे हप्ते थकले, सावकारांनी पुन्हा कर्ज देणे आखडले, आणि सहकारी पतपेढ्या ती जागा भरून काढण्याइतक्या सशक्त नव्हत्या. तरीही शेतकऱ्याची जमीन ही केवळ धनकोच्या तारणाची वस्तू नसून एका कुटुंबाच्या उपजीविकेचे साधन आहे, हे तत्त्व कायद्याच्या भाषेत उतरले, ही मिळकत लहान नव्हे. त्याच १९३३ मध्ये पंजाबरावांनी मंत्रिपद सोडले.

मंत्रिपद हे त्यांच्या हाती अधूनमधून आले. शिक्षणसंस्था ही मात्र त्यांनी हातातून कधीच सोडली नाही. १९३० नंतरच्या पहिल्या दोन वर्षांत अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. वऱ्हाडात तोवर सरकारी शाळा होत्या, शहरांतील मध्यमवर्गीयांनी काढलेल्या चांगल्या शाळाही होत्या. नव्हती ती खेड्यातील मुलाला परके वाटणार नाही अशी शाळा. या संस्थेने आपले जाळे तालुक्यांच्या गावांत, बाजारपेठांच्या खेड्यांत आणि आडवळणी पंचक्रोशींत पसरले. कोणी जमिनीचा तुकडा दिला, कोणी धान्याची पोती दिली, कोणी शाळेच्या इमारतीसाठी बैलगाड्या दिल्या. आणि देणारे बहुतेक असे होते की, ज्यांना स्वतःला सहीऐवजी अंगठा उठवावा लागत असे. याच मातीत, याच अमरावती जिल्ह्यात गाडगेबाबा हातात खराटा घेऊन फिरत होते आणि जेवणाची भांडी मोडा पण लेकरांना शिकवा असे रात्री कीर्तनातून कळवळून सांगत होते. तुकडोजी महाराजांची खंजिरी गावोगाव वाजत होती. शिकण्याची भूक संतांनी जागविली आणि तिला शाळेचे दार देशमुखांनी दाखविले, असे म्हटले तर ते वऱ्हाडच्या इतिहासाला धरूनच होईल. १९४६ मध्ये अमरावतीस शिवाजी महाविद्यालय निघाले, पुढे शेतकी, विज्ञान, कला, वैद्यक अशा शाखा वाढल्या, आणि १९६१ साली खुद्द दिल्लीत, दिल्ली विद्यापीठाच्या कक्षेत, शिवाजी महाविद्यालय स्थापन करून पंजाबरावांनी हे नाव यमुनेच्या काठी नेले. हे महाविद्यालय आजही चालू आहे. महाराष्ट्राबाहेरील फार थोड्यांना त्याच्या संस्थापकाचे नाव ठाऊक असते.

दानशूरपणा म्हटला म्हणजे आपल्यापुढे मोठी थैली रिती करणारा धनिक उभा राहतो. पंजाबरावांचे दातृत्व त्या जातीचे नव्हते. तेवढे धन त्यांच्यापाशी नव्हतेच. बॅरिस्टरची मिळकत, जमीनदाराचा शब्द आणि मंत्र्याची ओळख ही जी तीन साधने त्यांच्यापाशी होती, ती त्यांनी सार्वजनिक कोठारात ओतली. मला हे दातृत्व अधिक मोलाचे वाटते, कारण ज्याच्याकडे पुष्कळ आहे त्याचे दान मोजता येते. ज्याने आपले सारे सामाजिक वजनच पणास लावले, त्याने एक पिढी गहाण ठेवून दुसरी सोडविलेली असते.

घटना समितीत ते मध्यप्रांत-वऱ्हाडातर्फे सभासद होते. तेथील त्यांची भाषणे वाचली की, कायदेपंडितांच्या त्या सभेत ग्रामीण समाजाचा पक्ष सातत्याने मांडणारा हा एक जागरूक आवाज होता हे ध्यानात येते. मागासलेल्या वर्गांना शासनात व नोकऱ्यांत संख्येच्या मानाने वाटा मिळावा हा आग्रह त्यांनी तेथे धरला आणि बाहेर त्या वर्गांच्या अखिल भारतीय संघटनेतही तो चालविला. नागरिकत्वाच्या कलमावर त्यांनी मांडलेली, धर्माच्या आधारे नागरिकत्व देऊ पाहणारी दुरुस्ती मात्र मला पटत नाही; फाळणीच्या जखमा ओल्या असताना ती सुचली असली, तरी समितीने ती स्वीकारली नाही हे योग्यच झाले.

अमरावतीने त्यांना १९५२, १९५७ आणि १९६२ अशा तीन निवडणुकांत लोकसभेवर पाठविले, आणि १९५२ पासून १९६२ पर्यंत केंद्र सरकारात शेतीचे काम त्यांनी पाहिले. हा काळ धान्यटंचाईचा होता. परदेशातून गलबते आली नाहीत तर शहरांतील रेशनची दुकाने ओस पडतील, अशी अवस्था होती. भातशेतीच्या जपानी पद्धतीची देशव्यापी मोहीम १९५३ मध्ये सुरू झाली, तिचा पंजाबरावांनी हिरिरीने पुरस्कार केला. निवडक बियाण्याची रोपे गादीवाफ्यावर वाढवावयाची, ती ओळीत आणि ठरावीक अंतरावर लावावयाची, खत मोजून द्यावयाचे, ओळींतून कोळपणी करून तण काढावयाचे, या पद्धतीत नवल वाटण्यासारखे काही नव्हते. परंतु शेतकऱ्याने शेतकऱ्याला प्रत्यक्ष बांधावर दाखवून शिकवावे, हे तत्त्व तिच्यामागे होते, आणि तेच पंजाबरावांना प्रिय होते.

त्याच तत्त्वातून १९५५ मध्ये भारत कृषक समाज जन्मास आला. कामगारांच्या संघटना होत्या, व्यापाऱ्यांची चेंबरे होती, गिरणीमालकांची मंडळे होती. देशातील सर्वांत मोठ्या धंद्याला मात्र स्वतःची अखिल भारतीय संस्था नव्हती. ती उणीव भरून काढण्यासाठी प्रांतोप्रांतीचे शेतकरी एकत्र आणावे, त्यांनी एकमेकांची शेते पाहावी, परदेशांतही जावे, आणि सरकारला आपल्या तोंडाने आपले म्हणणे सांगावे, असा हा संकल्प होता. याच समाजाच्या पुढाकाराने डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीस जागतिक कृषी प्रदर्शन भरले. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आणि अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर त्याच्या प्रारंभास उपस्थित होते. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत अमेरिका आणि सोव्हिएत रशिया या दोघांची दालने तेथे मांडलेली होती. आगगाड्या भरभरून खेड्यांतील माणसे आली. धोतर-पागोट्यातील कास्तकाराने ट्रॅक्टर, दुभत्या गाई आणि कृत्रिम पावसाची यंत्रे हाताने चाचपून पाहावी, जगाच्या शेतीत आपले स्थान कोठे आहे हे स्वतः जोखावे, यासाठी एवढा खटाटोप होता.

कृषक समाजावर दोन आक्षेप आले आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा की, शेतीखात्याचा मंत्रीच शेतकऱ्यांच्या संघटनेचा अध्वर्यू असला, तर ती संघटना सरकारशी झगडणार कशी? दुसरा अधिक खोल आहे. या संस्थेत मोठ्या खातेदारांचा आवाज चढा राहिला. दोन-चार एकरवाला आणि ज्याच्या नावावर एकही गुंठा नाही असा शेतमजूर तिच्या व्यासपीठावर क्वचितच दिसला. पंजाबराव ज्या घरात जन्मले, त्या घराच्या ओसरीवरून जेवढे शेतशिवार दिसते तेवढे त्यांनी जिवाभावाने पाहिले. कुंपणापलीकडच्या मजुराचे दुःख त्यांना वसतिगृहातील मुलांच्या रूपाने भेटले, मजुरीच्या दराच्या रूपाने तितकेसे भेटले नाही. जमीनदार लोकसेवकांच्या साऱ्या परंपरेचीच ही मर्यादा होती, आणि त्यांचे मोठेपण मान्य करणाऱ्याने ती झाकू नये.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. विदर्भात कृषिविद्यापीठ व्हावे यासाठी पुढे मोठे आंदोलन झाले आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यास स्थापन झालेल्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. अमरावतीच्या विद्यापीठाला आज गाडगेबाबांचे नाव आहे. शिवाजी शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांतून शिकून निघालेल्यांत वऱ्हाडचे शिक्षक, डॉक्टर, अभियंते, आमदार आणि लेखक सापडतात, आणि त्यांतील बहुतेकांच्या घराण्यात त्यांच्यापूर्वी कोणी शाळेचा उंबरा ओलांडलेला नव्हता.

मात्र ज्या कर्जाने पंजाबरावांच्या आयुष्याचा आरंभ झाला, ते कर्ज वऱ्हाडातून गेलेले नाही. गेल्या शतकाच्या अखेरीपासून अमरावती, यवतमाळ, अकोला, बुलढाणा, वाशीम या जिल्ह्यांत कापूस पिकविणाऱ्या किती कास्तकारांनी स्वतःच्या हाताने जीव दिला, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. सावकाराचे रूप पालटले, बियाणे पालटले, बाजार पालटला. पावसावरची शेती आणि पराधीन भाव या दोन गोष्टी पालटल्या नाहीत. लवाद मंडळासारखी, कर्जदार आणि धनको यांना एका बैठकीत बसवून निभेल असा आकडा काढणारी यंत्रणा आज प्रत्येक तालुक्यात असावयास हवी होती, असे मला मनापासून वाटते.

महाराष्ट्र शासनाच्या दोन योजना आज त्यांचे नाव धारण करतात. एक, मुदतीत पीककर्ज फेडणाऱ्या शेतकऱ्याला व्याजात सवलत देणारी. दुसरी, अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांची जी मुले घरापासून दूर राहून व्यावसायिक शिक्षण घेतात, त्यांना वसतिगृहाच्या खर्चासाठी निर्वाह भत्ता देणारी. योजना कागदावर असणे आणि ती एखाद्या मुलीच्या हाती पडणे यांत दाखल्यांचे, मुदतींचे आणि अज्ञानाचे पुष्कळ अंतर असते. हा लेख वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या गावात वा नात्यात असे एखादे मूल शहरी शिकावयास निघाले असेल, त्यांनी त्याचा अर्ज या वर्षी वेळेत भरला जाईल एवढे अवश्य पाहावे.